निळ्या झुडपाची कुळकथा

न्यू जर्सीतलं असो की हॉलंडमधलं, थंड मुलखातल्या मराठी घराच्या पायरीशी एक निळसर, गुडघ्याच्या खालीच राहणारं, टोचरं झुडूप हमखास भेटतं. नाव विचारावं तर यजमान म्हणतात, "ज्युनिपर आहे काहीतरी, घर घेतलं तेव्हापासूनचं." ते पाणी मागत नाही, खत मागत नाही आणि बर्फाखाली गाडलं गेलं तरी वसंतात जसंच्या तसं वर येतं. न मागणाऱ्याची चौकशी कोण करतो? या झुडपाचं नाव बहुतेक वेळा 'ब्लू स्टार' असतं आणि त्याचं कूळ शोधत गेलं तर वाट थेट हिमालयात जाते.

फ्रान्सिस बुकॅनन-हॅमिल्टन हा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला स्कॉटिश डॉक्टर १८०२-०३ मध्ये नेपाळात होता. तिथे त्याने जमवलेल्या वनस्पतींतल्या एका ज्युनिपरचं 'ज्युनिपेरस स्क्वामाटा' हे नाव १८२४ मध्ये छापून आलं. लॅटिनमध्ये 'स्क्वामा' म्हणजे खवला. याची सुकलेली पानं गळून पडत नाहीत. तपकिरी खवल्यांसारखी फांदीलाच चिकटून राहतात. हा खवला लक्षात ठेवा, पुढे तोच नडणार आहे. हिमालयात ट्रेकला जाणाऱ्यांनी ज्युनिपर पाहिलेला असतो: मोठी झाडं संपतात त्याच्याही वर, जमिनीला बिलगलेला. लडाखात ज्युनिपरला शुक्पा म्हणतात आणि पूजेत त्याचा धूर करतात. स्क्वामाटाचा पसारा हिमालयापासून चीनपर्यंत आहे, आणि कथेला वळण मिळालं ते चीनमध्ये.

फ्रान्स मेयर हा १८७५ साली ॲमस्टरडॅममध्ये जन्मलेला मुलगा. चौदाव्या वर्षी तो तिथल्या वनस्पती उद्यानात माळीकामाला लागला आणि हळूहळू ह्यूगो द व्ह्रीस या शास्त्रज्ञाचा मदतनीस झाला. द व्ह्रीस म्हणजे 'म्युटेशन', अर्थात उत्परिवर्तन, हा शब्द जीवशास्त्रात रुजवणारा माणूस. त्याचं म्हणणं होतं की नवे गुण इंचाइंचाने येत नाहीत, एकदम उडी मारून येतात. ते ऐकतच मेयर मोठा झाला. १९०१ मध्ये तो अमेरिकेला गेला, 'फ्रँक' झाला, आणि १९०५ पासून तिथल्या शेतीखात्यासाठी चीन तुडवू लागला. तुडवू लागला हे शब्दशः, कारण चालणं हे त्याचं व्यसनच होतं. अडीच हजारांच्या आसपास वाणं त्याने पाठवली. मेयर लिंबू त्याचंच. आणि चिनी बागेत जोपासलेला एक निळा स्क्वामाटाही त्याचाच. जून १९१८ मध्ये यांगत्सेवरच्या आगबोटीतून तो नाहीसा झाला. पुढे प्रेत सापडलं, कारण कळलं नाही. १९२२ मध्ये आल्फ्रेड रेडर यांनी त्या ज्युनिपरला 'मेयेरी' हे नाव दिलं.

मेयेरी लहानपणी देखणा असतो. पण तो दाराशी लावणं म्हणजे वासरू म्हणून बैल आणणं. पाच-सहा मीटर सहज वाढतो, खालून विरळ होतो, आणि मग आतले ते तपकिरी खवले उघडे पडतात. माझं स्पष्ट मत, म्हातारा मेयेरी कुरूप दिसतो.

१९५० च्या सुमारास हॉलंडमधल्या रेवाइक गावी, होखेव्हेन बंधूंच्या रोपवाटिकेत, अशाच एका मेयेरीवर एक विचित्र गुच्छ उगवला. फांद्या आखूड, दाटीवाटीच्या. युरोपात अशा गुच्छाला चेटकिणीचा झाडू म्हणतात. कोंबातल्या एखाद्या पेशीत उत्परिवर्तन झालं की असा झाडू उगवू शकतो. दुसऱ्या कुणी तो छाटून जाळला असता. इथे त्याची छाटकलमं लावली गेली, आणि कलमंही बुटकीच राहिली. १९६४ मध्ये 'ब्लू स्टार' विक्रीला आला. द व्ह्रीसच्या मदतनिसाने आणलेल्या झाडाने द व्ह्रीसच्याच देशात उडी मारावी, हे पाहायला दोघंही उरले नव्हते.

ब्लू स्टारची एक फांदी हातात घेऊन पाहा. सुईसारखी आखूड पानं, तीन-तीनच्या फेऱ्यांत. प्रत्येक सुईच्या आतल्या अंगाला पांढुरका पट्टा, मेणाचा. काळ्या द्राक्षावर पांढरट पूड दिसते तसाच हा प्रकार. पान मुळात हिरवंच. लांबून निळं दिसतं ते या मेणामुळे. आज जगात जितके ब्लू स्टार आहेत ते सगळे त्या एकाच झाडूचे तुकडे. बियांनी हे कूळ पुढे जात नाही, कात्रीनेच जातं.

कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट अंगणात याचा हट्ट धरू नका. याला थंडी लागते आणि मुळाशी साचलेलं पाणी चालत नाही. थंड मुलखात असाल तर खुशाल लावा, पण भरपूर उन्हात. भिंतीपासून मीटरभर अंतर ठेवा, कारण दहा वर्षांत हे उंचीला जेमतेम चाळीस सेंटिमीटर आणि रुंदीला मीटरभर होतं. आणि छाटायचंच झालं तर कात्री हिरव्या भागातच थांबवा. तपकिरी जुन्या लाकडातून ते पुन्हा फुटत नाही.