चुकलेल्या नाण्याची पारख

रुपया वाजवून घ्यावा, ही आपल्याकडची जुनी शिकवण आहे. जुन्या अमदानीत सराफ नाणे तोली, कसाला लावी, पुरे उतरले नाही तर बट्टा कापून घेई. आणि पारख झालेल्या रुपयावर पुष्कळदा आपली बारीकशी खूण उठवून ठेवी. त्या खुणेने तेव्हा रुपयाची पत वाढे. आजच्या संग्राहकाच्या लेखी मात्र तीच खूण नाण्यातले व्यंग ठरते. काळाबरोबर पारखीची रीत बदलली. गरज तेवढी राहिली. टांकसाळीच्या हातून चुकून निघालेले नाणे सापडले, की ते शुल्क भरून परीक्षकांच्या संस्थेकडे पाठवावे की नाही, हा प्रश्न बाळगणाऱ्यापुढे उभा राहतोच. या प्रश्नाची मुळे शोधायची तर अमेरिकेच्या एका सेंटाकडे वळावे लागते.

1943 साली अमेरिका महायुद्धात पुरती गुंतली होती. तोफगोळ्यांच्या वेष्टणांना आणि तारांना तांबे हवे होते. म्हणून त्या वर्षीचे सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे पाडण्यात आले. तिन्ही टांकसाळींतून मिळून असे शंभर कोटींहून अधिक सेंट निघाले. पण आदल्या वर्षाच्या तांब्याच्या काही कोऱ्या चकत्या यंत्रांच्या डब्यांत कुठे तरी अडकून राहिल्या असाव्यात, असा जाणकारांचा तर्क आहे. त्यांवर नव्या वर्षाचा ठसा उमटला आणि कोणाच्या ध्यानी न येता त्या बाजारात गेल्या. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीचे असे सेंट दीड डझनाहून अधिक नसावेत.

त्यांतला एक 1947 साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील पिट्सफील्ड गावी सोळा वर्षांच्या एका विद्यार्थ्याच्या हाती आला. शाळेच्या उपाहारगृहात मिळालेल्या मोडीत तो होता. असा सेंट आणून देणाऱ्याला हेन्री फोर्ड नवी मोटार देतात, अशी तेव्हा वदंता होती. मुलाने चौकशी केली. ती अफवाच निघाली. मग त्याने सरकारच्या अर्थखात्याला विचारले. उत्तर आले की, 1943 साली तांब्याचे सेंट पाडलेच गेले नाहीत. सगळे पोलादाचे होते.

हे उत्तर लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला खोटे कसे म्हणावे? त्याच्या दप्तरात तांब्याच्या सेंटांचा हुकूमच नव्हता. परंतु हुकूम काय झाला एवढेच दप्तर सांगते. यंत्राखाली प्रत्यक्ष काय घडले ते त्यात उतरेलच असे नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला हा पेच परिचयाचा आहे. कागद एक म्हणतो, वस्तू दुसरेच सांगते, आणि वस्तूची साक्ष काढायला तिची भाषा जाणणारा कोणी तरी लागतो. त्या मुलाला तसा कोणी भेटला नाही. त्याने सेंट टाकला नाही, विकलाही नाही. सुमारे सत्तर वर्षे सांभाळून ठेवला.

संशय घ्यायला जागाही होती. पोलादाच्या सेंटावर तांब्याचे पाणी चढवून फसवणाऱ्यांना तोटा नव्हता. असा सेंट लोहचुंबकाला चिकटतो. खरा चिकटत नाही. वजनातही फरक पडतो: खरा 3.11 ग्रॅम, पोलादी सुमारे 2.7 ग्रॅम. याहून धूर्त कारागीर 1948 च्या अस्सल तांब्याच्या सेंटावरील आठाचा आकडा कोरून त्याचा तीन करीत. तिथे चुंबक आणि काटा दोन्ही हात टेकतात. आकड्याचे वळण ओळखणारी सरावलेली नजरच हवी.

ती नजर विकत मिळण्याची सोय पुढे झाली. अमेरिकन न्युमिस्मॅटिक असोसिएशनने 1972 साली खऱ्याखोट्याचा दाखला देणारा विभाग काढला. 1986 आणि 1987 मध्ये दोन खासगी संस्था निघाल्या. त्या नाणे पारखून, गुण देऊन, प्लॅस्टिकच्या मोहोरबंद डबीत घालून परत करू लागल्या. पिट्सफील्डचा तो सेंट अखेर अशाच परीक्षेला गेला, अस्सल ठरला, आणि त्याला सत्तरांपैकी 53 गुण मिळाले. त्याचा मालक 2018 मध्ये वारला. जानेवारी 2019 मध्ये तो सेंट 2,04,000 डॉलरांना विकला गेला आणि मालकाच्या इच्छेप्रमाणे ती रक्कम गावच्या ग्रंथालयाकडे गेली.

हे सत्तर गुण आले कोठून? विल्यम शेल्डन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1949 मध्ये जुन्या मोठ्या सेंटांवर पुस्तक लिहिले. अगदी झिजलेला सेंट एक डॉलरचा धरला, तर निर्दोष सेंट सत्तर डॉलरांचा, असा त्याचा हिशेब होता. तो हिशेब बाजारात टिकला नाही; आकडे मात्र टिकले आणि सगळ्या नाण्यांना लागू झाले. याच शेल्डनने अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील चांगले सेंट काढून घेऊन त्यांच्या जागी आपले हिणकस ठेवले होते, हे त्याच्या मृत्यूनंतर उघड झाले. त्याच्या चोरीने त्याची मोजपट्टी खोटी ठरत नाही; पण ती माणसाने आखलेली आहे, एवढे ध्यानात ठेवावे. नाणे खरे की खोटे, याला एकच उत्तर असते. त्याला 53 गुण द्यावेत की 55, हे मत असते. आणि तेच नाणे दुसऱ्यांदा पाठवले तर मत बदललेलेही आढळते.

हा भेद समजला की निर्णय सोपा होतो. 1955 साली फिलाडेल्फियात एका ठशावर मूळ ठशाचा दाब दोनदा, किंचित सरकून पडला. त्या ठशाखालून निघालेल्या सेंटांवर साल आणि अक्षरे स्पष्ट दुहेरी दिसतात. तपासनिसांना चूक कळली, तोवर वीस हजारांवर सेंट चांगल्या सेंटांत मिसळून गेले होते. एवढा ढीग वितळवण्यापेक्षा ते जाऊ द्यावेत, असे ठरले. तेवीस सेंटांच्या सिगारेटच्या पाकिटावर परतीचे दोन सेंट चिकटवून देणाऱ्या यंत्रांतून त्यांतले अनेक लोकांच्या हाती आले. यांची नक्कल सर्रास होते. अस्सल सेंटाच्या मागील बाजूस, ‘सेंट’ शब्दातील टी अक्षराच्या डाव्या हाताखाली, बारीक उभ्या रेघा असतात. तेव्हा असे नाणे जवळ असेल तर दाखला अवश्य घ्यावा. त्याच वर्षीचे दुसरे काही सेंट असे आहेत की, झिजलेल्या ठशामुळे त्यांच्या शेवटच्या पाचाला नुसती सावली आली आहे. ते विपुल आहेत; परीक्षेचे शुल्क, टपाल आणि विमा यांचा खर्च त्यांच्या किमतीहून सहज अधिक होईल. ते अल्बममध्येच शोभतात.

म्हणून आधी चुंबक, काटा आणि भिंग यांनी घरच्या घरी होईल तेवढी चौकशी करावी. नाणे घासूनपुसून उजळवू मात्र नये. त्याने साक्षच पुसली जाते. एवढे करूनही खरे-खोटे ठरेना, आणि खरे निघाल्यास खर्च भरून निघेल इतके मोल असेल, तर पाठवावे. दोन गुण अधिक मिळावेत या आशेवर पाठवणे हा जुगार आहे. पिट्सफील्डच्या मुलाला गुण नको होते. आपल्या हातातली वस्तू आहे, एवढे कोणी तरी मान्य करावे, हीच त्याची मागणी होती. आणि ती पुरी व्हायला जन्म सरावा लागला.