पडद्यावरचे शरीर, पडद्यामागचे सत्य

कोरियन दूरचित्रवाणी मालिकांनी अलीकडे आमच्या धर्मग्रामांतील घरांतही आपले स्थान पक्के केले आहे. 1988 च्या ऑलिंपिकमुळे ज्या देशाचे नाव आमच्या विद्यार्थिदशेत प्रथम कानी पडले, त्या देशातील सासुरवाशिणींची आणि नोकरदारांची सुखदुःखे आज आमची तरुण मुले शेजारघराच्या आत्मीयतेने पाहतात. मध्यंतरी एका माउलीने आम्हांला गाठून तक्रार केली, "फादर, पूर्वी या मालिका सगळे एकत्र बसून पाहायचो. आता मध्येच एखादे दृश्य असे येते, की मला पाणी पिण्याचे निमित्त करून उठावे लागते." तिचा महाविद्यालयीन मुलगा शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "गोष्टच तशी आहे. खरे आहे ते दाखवले तर बिघडले कुठे?"

उत्तर देण्याची घाई आम्ही केली नाही, कारण हाच वाद खुद्द कोरियात पाऊणशे वर्षांपासून चालू आहे. तो इतिहास पाहिल्यावर आम्हांला असे वाटू लागले, की मायलेक दोघेही प्रश्नाच्या अर्ध्या भागावरच बोट ठेवीत आहेत.

2020 साली 'जेटीबीसी' या वाहिनीवरून 'द वर्ल्ड ऑफ द मॅरिड' ही मालिका प्रक्षेपित झाली. एका ब्रिटिश मालिकेवरून बेतलेली ही कथा एका डॉक्टर स्त्रीची व तिची प्रतारणा करणाऱ्या पतीची आहे. शेवटच्या भागाने तेथील केबल वाहिन्यांच्या प्रेक्षकसंख्येचा उच्चांक गाठला. देशभरातील मोजणीत तो आकडा 28 टक्क्यांवर गेला होता. या मालिकेचे पहिले सहा भाग 19 वर्षांखालील मुलांसाठी वर्ज्य होते. पुढच्या दोन भागांसाठी ही अट 15 वर्षांवर आणण्यात आली. आणि नेमक्या आठव्या भागात एक हल्लेखोर नायिकेच्या घरात शिरून तिला मारहाण करतो, असा प्रसंग आला. प्रेक्षकांत संतापाची लाट उठली आणि उर्वरित भाग पुन्हा 19 वर्षांच्या अटीखाली गेले.

या संतापाचे कारण लक्षात घेण्यासारखे आहे. स्त्रीवर हल्ला दाखविला, एवढाच आक्षेप नव्हता. तो प्रसंग हल्लेखोराच्या डोळ्यांनी चित्रित केला होता. म्हणजे घरात बसलेल्या प्रेक्षकाला काही क्षणांपुरते मारणाऱ्याच्या जागी उभे केले गेले होते. काय दाखविले, यापेक्षा कोणाच्या बाजूला उभे राहून दाखविले, हा प्रश्न सामान्य प्रेक्षकांनी उपस्थित केला. हे सूत्र मनात धरून आपण थोडे मागे जाऊ.

कोरियन चित्रपटातील पहिले चुंबन 1954 साली पडद्यावर आले. चित्रपट होता हान ह्योंग-मो यांचा 'नियतीचा हात'. कोरियन युद्ध थांबून तेव्हा फार काळ लोटला नव्हता. त्याच वर्षी एका दैनिकात 'स्वैर गृहिणी' अशा अर्थाच्या नावाची चोंग बी-सोक यांची कादंबरी क्रमशः छापली जात होती. एका प्राध्यापकाची पत्नी दुकानात नोकरी धरते, नृत्यगृहाच्या वाटेला लागते, अशी तिची कथा. विद्यापीठातील एका कायद्याच्या प्राध्यापकाने वृत्तपत्रातून लेखकावर जाहीर हल्ला चढविला आणि देशभर वाद पेटला. 1956 साली हान ह्योंग-मो यांनीच त्या कादंबरीवर चित्रपट काढला व त्याने गर्दी खेचली. युद्धाने घरे उद्ध्वस्त केली होती, पुरुष मारले गेले होते, स्त्रियांना घराबाहेर पडून कमावणे भाग होते. समाजाच्या या मोठ्या उलथापालथीचे ओझे मात्र एका काल्पनिक गृहिणीच्या चारित्र्यावर टाकण्यात आले.

1961 च्या मे महिन्यात लष्करी उठाव झाला व पार्क चुंग-ही यांच्या हाती सत्ता आली. 1962 च्या चित्रपट कायद्याने राज्यसत्तेचा हात थेट पटकथेपर्यंत पोहोचला. 1965 साली दिग्दर्शक ली मान-ही यांना अटक झाली. उत्तर कोरियाचे सैनिक त्यांनी माणसांसारखे दाखविले, हा त्यांचा अपराध. त्यांच्या बाजूने जाहीरपणे बोलणारे ज्येष्ठ दिग्दर्शक यू ह्यून-मोक हेही खटल्यात ओढले गेले. त्यांच्यावर एक आरोप होता साम्यवादविरोधी कायद्याखाली आणि दुसरा अश्लीलतेचा! त्यांच्या एका चित्रपटातील नग्नतेचे दृश्य त्यासाठी पुढे करण्यात आले. नीतिरक्षणाचा दंडुका राजकीय हिशेब चुकता करण्यासाठी किती सोयीचा असतो, याचे हे ठळक उदाहरण होय. पुढे 1970 च्या दशकात रस्त्यावर पोलीस तरुणांचे लांब केस कापीत आणि मुलींच्या स्कर्टची लांबी मोजीत. 1975 साली 'प्रभातीचे दव' हे किम मिन-गी यांचे साधेसुधे गीतही बंदीच्या यादीत गेले.

1979 मध्ये पार्क यांची हत्या झाली आणि त्यानंतर चुन डू-ह्वान या दुसऱ्या सेनापतीने सत्ता बळकावली. 1980 च्या मे महिन्यात ग्वांगजू शहरात सैन्याने आपल्याच नागरिकांवर गोळ्या झाडल्या. वृत्तपत्रांना त्याविषयी खरे लिहिण्याची सोय नव्हती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तेथे रंगीत दूरचित्रवाणी सुरू झाली. 1982 च्या जानेवारीत, 1945 पासून चालत आलेली रात्रीची संचारबंदी उठविण्यात आली. मार्चमध्ये व्यावसायिक बेसबॉलची स्पर्धा सुरू झाली. आणि या दोहोंच्या मधल्या फेब्रुवारीत 'मादाम एमा' हा कामुक चित्रपट मध्यरात्रीच्या खेळांसह झळकला. एकट्या सेऊल शहरात तीन लाखांहून अधिक लोकांनी तो पाहिला. टीकाकारांनी या धोरणाला 'तीन एस' असे नाव दिले: सेक्स, स्क्रीन आणि स्पोर्ट्स. लोकांचे लक्ष राजकारणावरून उडावे, म्हणून ही दारे उघडली गेली, असे त्यांचे म्हणणे होते.

अभ्यवेक्षण मात्र संपले नव्हते. 'एमा' या नावातील चिनी अक्षरांचा अर्थ 'घोड्यावर प्रेम करणारी' असा होत होता. तो अभ्यवेक्षकांना खटकला, म्हणून उच्चार तोच ठेवून अक्षर बदलले गेले आणि अर्थ झाला 'तागावर प्रेम करणारी'! नायिकेच्या अंगावरचे वस्त्र उतरलेले ज्यांना चालले, त्यांना नावातील एक अक्षर चालले नाही. वाचकांना हसू येईल; पण चार वर्षांनी जे घडले ते हसण्यासारखे नाही.

1986 सालच्या जून महिन्यात सेऊलजवळील बुचॉन येथील पोलीस ठाण्यात क्वॉन इन-सूक या तरुणीवर चौकशीच्या नावाखाली लैंगिक अत्याचार झाले. कामगारांना संघटित करण्यासाठी शिक्षण सोडून दुसऱ्याच्या नावाने कारखान्यात नोकरीस लागलेली ती विद्यापीठाची विद्यार्थिनी होती. अशा वेळी गप्प बसण्याचा दंडक त्या समाजात आपल्याइतकाच कडक. तिने तो मोडला आणि कारागृहातून पोलिसाविरुद्ध फिर्याद दिली. सरकारी पक्षाने उलट तिलाच दोषी धरले. क्रांतीसाठी ही मुलगी लैंगिकतेचे हत्यार वापरीत आहे, असा कांगावा केला. वृत्तपत्रांना छुप्या सूचना गेल्या, की लैंगिक अत्याचार हा शब्द वापरू नये. केवळ 'बुचॉन प्रकरण' असे लिहावे.

पडद्यावर स्त्रीचे शरीर विकण्यास ज्या राज्यसत्तेने मध्यरात्रीची मुभा दिली, त्याच राज्यसत्तेने एका खऱ्या स्त्रीच्या खऱ्या यातनेचे नाव उच्चारण्यास बंदी केली! आमच्या मते कोरियातील या साऱ्या वादाचे मर्म येथे आहे. दाखविण्याची मुभा आणि सत्य सांगण्याची मुभा या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली उदारपणे देऊन दुसरी हिरावून घेता येते.

त्या छुप्या सूचना उघडकीस कशा आल्या, ते आपण ख्रिस्ती वाचकांनी जाणून घ्यावे. एका दैनिकाचे पत्रकार किम जू-ऑन यांनी अशा शेकडो सूचना जपून ठेवल्या होत्या. 1986 च्या सप्टेंबरात 'माल', म्हणजे 'वाणी', या नियतकालिकाने त्या छापल्या. आणि त्या जाहीर करण्यासाठी पत्रकारांच्या बरोबरीने उभा राहिला तो न्यायासाठी झटणारा कॅथलिक धर्मगुरूंचा राष्ट्रीय संघ. स्थळ होते सेऊलचे म्योंगडाँग कॅथेड्रल. 1974 साली बिशप जी हाक-सून यांना अटक झाल्यानंतर हा संघ उभा राहिला होता. किम जू-ऑन व त्यांचे सहकारी तुरुंगात गेले. 1987 च्या मे महिन्यात याच संघाने पार्क जोंग-चोल या विद्यार्थ्याच्या कोठडीतील मृत्यूची लपवाछपवी उघड केली आणि जूनमध्ये जनतेने लोकशाही परत मिळविली. क्वॉन इन-सूक यांना छळणाऱ्या पोलिसाला 1989 साली पाच वर्षांची शिक्षा झाली. त्या स्वतः पुढे प्राध्यापिका झाल्या आणि 2020 साली संसदेत निवडून गेल्या.

लोकशाही आल्यावर दारे हळूहळू उघडली. 4 ऑक्टोबर 1996 रोजी घटनात्मक न्यायालयाने चित्रपटांचे पूर्व-अभ्यवेक्षण घटनाबाह्य ठरविले. त्याच वर्षी 'प्रियकर' अशा अर्थाच्या नावाच्या मालिकेने विवाहबाह्य प्रेमावरून घराघरांत वाद पेटविला होता. व्यभिचार हा त्या देशात 1953 च्या दंडसंहितेनुसार दोन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा होता. न्यायालयाने तो कायदा चार वेळा उचलून धरला आणि अखेर 26 फेब्रुवारी 2015 रोजी सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. दूरचित्रवाणीवरील मालिकांना 2002 पासून वयोगटाची चिन्हे लावण्यात आली. 2016 साली नेटफ्लिक्स तेथे पोहोचले, आणि प्रक्षेपणाच्या कडक नियमांबाहेर राहून मालिका काढण्याची वाट खुली झाली. 'पूर्वीच्या मालिका' आणि 'आताच्या मालिका' यांत आमच्या माउलीला जो फरक जाणवला, त्याचे मूळ बऱ्याच अंशी या बदलात आहे. पूर्वीच्या संयमात सद्भिरुची होती, तसा नियमांचा धाकही होता.

आता येथे थांबून म्योंगडाँगच्या पायरीवर आपलाच जयजयकार करणे सोपे झाले असते. पण इतिहास अर्धा सांगू नये. 2018 च्या फेब्रुवारीत केबीएस या वाहिनीने एक वृत्त दिले. दक्षिण सुदानमध्ये सेवा करीत असताना एका कोरियन धर्मगुरूने मदतकार्यासाठी आलेल्या आपल्याच धर्मभगिनीसमान श्राविकेवर अतिप्रसंग करण्याचा प्रयत्न केला होता. घटना 2011 ची. ती स्त्री सात वर्षे गप्प होती. हा धर्मगुरू न्यायासाठी झटणाऱ्या त्याच संघातला होता. कोरियाच्या बिशप मंडळाने जाहीर क्षमा मागितली. 1986 साली धर्मगुरूंनी जे सत्य माध्यमांच्या हाती दिले होते, तशाच जातीचे सत्य 2018 साली माध्यमांनी धर्मगुरूंपुढे ठेवले. हे लिहिताना आमची लेखणी अडखळते. पण आपल्या घरातील 'बुचॉन प्रकरण' लपवून दुसऱ्याच्या पडद्यावरील दृश्यांवर प्रवचन करण्याचा अधिकार आम्हांला नाही. मालिकांतील अशोभनीयतेविरुद्ध आम्ही व्यासपीठावरून अनेकदा बोललो आहोत. एखादी मुलगी आपले गाऱ्हाणे घेऊन आली, तर तितक्याच ठामपणे बोलू का, हा प्रश्न आम्ही स्वतःलाच विचारतो.

दानिएलच्या ग्रंथाचा तेरावा अध्याय वाचकांना परिचित आहे. सुझन्ना आपल्या बागेत स्नानासाठी येते. दोन वडीलधारे न्यायाधीश दडून तिला पाहतात. ती नकार देते, तेव्हा तेच तिच्यावर व्यभिचाराचा आळ घेतात. युरोपातील असंख्य चित्रकारांनी हा प्रसंग रंगविला, आणि त्यांतील पुष्कळांनी आपली चित्रफळी त्या दोन म्हाताऱ्यांच्या शेजारीच मांडली! पवित्र शास्त्र मात्र सुझन्नेच्या बाजूला उभे राहते. ते पाप झाकीत नाही. पण आपल्या डोळ्यांना बागेतील झुडपाआड दडू देत नाही. ते आपल्याला तिचा आक्रोश ऐकवते.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 1963 साली प्रसारमाध्यमांविषयीच्या आपल्या हुकूमनाम्यात हेच तत्त्व मांडले आहे: नैतिक दुष्टतेचे चित्रण माणसाला अधिक खोलवर ओळखण्यास साहाय्यभूत होऊ शकते, मात्र ते नीतीच्या मर्यादेत असावे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981 सालच्या आपल्या धर्मशिक्षणात कलेतील मानवी देहाचा विचार करताना इशारा दिला होता, की देह व्यक्तीपासून तोडला गेला, की तो निनावी वस्तू होतो.

2025 साली 'एमा' याच नावाची कोरियन मालिका आली. 1982 च्या त्या चित्रपटाच्या निर्मितीमागची गोष्ट ती सांगते, आणि त्या व्यवसायात अभिनेत्रींची कशी पिळवणूक होई, ते दाखविते. जिच्याकडे एके काळी लक्षावधींनी केवळ पाहिले, तिची बाजू सांगायला त्या देशाला त्रेचाळीस वर्षे लागली.

त्या माउलीला आम्ही अखेर एवढेच सांगितले, की पाणी प्यायला उठण्याची तुमची लाज खोटी नाही, ती जपा. लहान मुले घरात असतील, तर वयाचे चिन्ह पाहूनच मालिका लावा. मुलाला म्हणालो, खरे दाखवावे हे तुझे म्हणणे आम्हांला मान्य आहे. मात्र यापुढे असे दृश्य आले, की स्वतःला विचार: कॅमेरा कोणाच्या शेजारी उभा आहे? सुझन्नेच्या, की झुडपाआडच्या त्या दोघांच्या? तो विचारात पडला. पुढच्या रविवारी मिस्सानंतर तो भेटला, तेव्हा म्हणाला, "फादर, अर्धी मालिका बंद केली, अर्धी आईबरोबर बसून पाहिली." कोणती बंद केली, हे आम्ही त्याला विचारले नाही.