हळदीचा लेप आणि आमवात: वसमतच्या मुलखातील एका समजुतीचा मागोवा

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला आणि २०२४ मध्ये त्यातील वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. तथापि हळदीच्या औषधी गुणांवरील या मुलखाचा विश्वास या दोन्ही घटनांहून कितीतरी जुना आहे. कंद काढून जेठे गड्डे व हळकुंडे वेगळी करायची, ती शिजवून, उन्हात वाळवून, पॉलिश करून मोंढ्यावर न्यायची, हा शेतातला क्रम झाला. घरात मात्र हळद मार आणि जखम यांच्याशीच जोडलेली राहिली. कापले की हळद दाबणे आणि मुका मार लागला किंवा पाय मुरगळला की सहाणेवर आंबेहळद उगाळून कोमट लेप देणे (आंबेहळद ही बाजारातील हळदीच्या कुळातली, पण वेगळी वनस्पती) ही रीत महाराष्ट्रभर रुजलेली आहे. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले, तेव्हा रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या लिखित पुराव्यांच्या बळावर ते १९९७ मध्ये रद्द करवून घेतले. या लढ्याचा अभिमान रास्तच आहे. परंतु त्यात सिद्ध झाली ती वापराची प्राचीनता, आणि तीही जखमेपुरती. सांध्याच्या प्रत्येक सुजेवर हळद चालते, या समजुतीला त्यातून आधार मिळत नाही.

माराने आलेली सूज आणि आमवाताची सूज या दोन निराळ्या गोष्टी आहेत. साधारण सातव्या-आठव्या शतकातील ‘माधवनिदान’ या ग्रंथाने आमवाताला स्वतंत्र प्रकरण दिले. न पचलेला अन्नरस, म्हणजे ‘आम’, वातासह सांध्यांत जाऊन साठतो, अशी त्याची उपपत्ती होती. हे कारण आज मान्य होणार नाही, पण मार न लागता सुजणारे सांधे हे संपूर्ण शरीराच्या विकाराचे लक्षण आहे, हे त्या ग्रंथकाराने अचूक हेरले होते.

खरे कारण उमगायला विसावे शतक उजाडावे लागले. शरीर स्वतःवर उलटणे टाळते, असे जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांनी शतकाच्या आरंभी मांडले आणि त्यांचा दबदबा इतका होता की उलट पुरावे दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. १९५६ मध्ये अर्न्स्ट विटेब्स्की व नोएल रोझ यांनी सशांना सशाच्याच थायरॉइड ग्रंथीचा अर्क टोचला, तेव्हा त्यांच्या शरीरात त्या ग्रंथीविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे परक्याला ओळखून चिकटणारी प्रथिने, तयार झाली आणि ग्रंथीला इजा झाली. एरवी छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत स्वकीयांवर उठणाऱ्या पेशी गाळल्या जातात. काही निसटतात, आणि आनुवंशिकता, धूम्रपान यांसारख्या कारणांची जोड मिळाली की त्या सक्रिय होतात. आमवातात त्या सांध्याच्या अस्तरावर तुटून पडतात. अस्तर जाड होते, दाहक रसायने सुटतात आणि कूर्चा व हाड झिजू लागते. दोन्ही हातांची बोटे सकाळी तासाहून अधिक काळ ताठरलेली राहणे ही त्याची ठळक खूण होय. फुफ्फुसे आणि डोळेही त्यातून सुटत नाहीत, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा विकार अधिक आढळतो.

हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी शरण आले, हिंगोलीचा मुलूख निजामाच्या अंमलाबाहेर पडला, आणि अवघ्या चार दिवसांनी अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांच्या आमवाताच्या रुग्ण स्त्रीला कॉर्टिझोन या दाह शमवणाऱ्या संप्रेरकाचे पहिले इंजेक्शन दिले गेले. अंथरुणाला खिळलेली ती रुग्ण काही दिवसांत चालू लागली. हेंच यांना १९५० चे नोबेल मिळाले, मात्र दीर्घ वापराचे दुष्परिणामही लवकरच उघड झाले. पुढे मेथोट्रेक्सेट हे रोगाचा वेगच रोखणारे औषध १९८० च्या दशकात रूढ झाले. महाराष्ट्रात हा विकार किती, हे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून पुणे जिल्ह्यातील भिगवणमध्ये घरोघरी केलेल्या पाहणीतून दिसले: प्रौढांत सुमारे अर्धा टक्का.

हळदीतील कर्क्युमिन प्रयोगशाळेतील पेशींत दाहक रसायनांना आवर घालते, हे खरे. परंतु हळकुंडात ते शेकडा काही अंशच असते, आतड्यातून फारच थोडे शोषले जाते, आणि लेपातून तर ते सांध्याच्या अस्तरापर्यंत पोचत असल्याचा भरवशाचा पुरावा नाही. लेपाने ऊब मिळते, वेदना काही काळ हलकी वाटते. त्या समाधानात उपचाराचे पहिले काही महिने निघून जातात आणि याच काळात झिजलेले हाड नंतर औषधाने पूर्ववत होत नाही.