खानदेशाचे प्राचीन हवामान व पृथ्वीची कक्षीय चक्रे

पृथ्वीच्या कक्षेची उत्केंद्रता सुमारे १ लाख वर्षांच्या व अक्षाचा कल सुमारे ४१ हजार वर्षांच्या आवर्तनाने बदलतो. अक्षाच्या परांचनामुळे पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येण्याचा ऋतूही १९ ते २३ हजार वर्षांत फिरून येतो. मिलुतिन मिलांकोव्हिच (१८७९–१९५८) या सर्बियन शास्त्रज्ञांनी हिमयुगांचा संबंध या चक्रांशी जोडला. सागरतळावरील गाळाच्या अभ्यासाने १९७६ मध्ये त्यास पुष्टी मिळाली.

खानदेशातील हवामानबदलाचा पुरावा पाटणे (ता. चाळीसगाव, जि. जळगाव) येथे मिळतो. एस्. ए. साळी यांच्या उत्खननात (१९७२–७३) तेथील उत्तर पुराणाश्मयुगीन थरांत शहामृगाच्या अंड्यांची कवचे, त्यांचे मणी व नक्षी कोरलेला एक तुकडा सापडला. कार्बन–१४ पद्धतीने त्यांचा काळ सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा ठरतो. शहामृग हा कोरड्या, मोकळ्या गवताळ प्रदेशातील पक्षी होय. त्या वेळी हिमयुग परमावधीकडे जात होते व नैर्ऋत्य मोसमी वारे दुर्बळ होते. सुमारे १० हजार वर्षांपूर्वी पृथ्वी उत्तर गोलार्धातील उन्हाळ्यात सूर्याच्या सर्वांत जवळ येत असे. त्यामुळे जमीन अधिक तापून मोसमी पाऊस वाढला. सांप्रत ही स्थिती जानेवारीत येते.

याच पाटण्याच्या १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या (१११४–८५) ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापिलेल्या मठाची नोंद आहे. त्यांच्या सिद्धांतशिरोमणि या ग्रंथात अयनचलनाची, म्हणजे परांचनाच्याच परिणामाची चर्चा आढळते. या गतीचा पर्जन्याशी असलेला संबंध मात्र विसाव्या शतकातच स्पष्ट झाला.