अदृश्यांचा ज्ञानकोशकार : टॅव्हारेस स्ट्रॉन

लंडनच्या हेवर्ड गॅलरीत १८ जून ते १ सप्टेंबर २०२४ या काळात टॅव्हारेस स्ट्रॉन यांच्या तोवरच्या कलाकृतींचा आढावा घेणारे प्रदर्शन भरले होते. कॅरिबियन परिसरातील बहामाज या द्वीपराष्ट्रात, नासाऊ येथे १९७९ साली जन्मलेले स्ट्रॉन संकल्पनात्मक कलेचे प्रतिनिधी मानले जातात. या कलेत वस्तू गौण आणि कल्पना प्रधान, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. स्ट्रॉन यांच्याबाबतीत ते अर्धेच खरे आहे. त्यांच्या कल्पनांना वजन असते आणि ते वाहून न्यावे लागते.

२००६ साली त्यांनी अलास्कातून सुमारे साडेचार टनांचा बर्फाचा ठोकळा नासाऊला आणवला आणि आपण जेथे शिकलो, त्या प्राथमिक शाळेच्या आवारात ठेवला. ज्या उन्हाने तो वितळायचा, त्याच उन्हापासून मिळवलेल्या विजेवर चालणाऱ्या शीतपेटीत तो टिकून राहिला. या बर्फाला संदर्भ आहे तो मॅथ्यू हेन्सन यांचा. १९०९ च्या उत्तर ध्रुव मोहिमेत हे कृष्णवर्णीय संशोधक रॉबर्ट पिअरी यांच्यासोबत होते. कीर्ती मात्र पिअरींच्या वाट्याला आली.

इतिहासातून असे वगळले जाणे हाच ‘अदृश्यतेचा ज्ञानकोश’ (२०१८) या त्यांच्या ग्रंथाचा विषय. ब्रिटानिकाच्या धर्तीवर सजवलेली चामडी बांधणी, सोनेरी कडा, दोन हजारांहून अधिक पृष्ठे आणि उपेक्षित व्यक्ती, स्थळे व घटनांच्या हजारो नोंदी, असे त्याचे रूप. मात्र कलाकृती म्हणून मांडताना हा ग्रंथ पारदर्शक पेटीत बंद असतो. ज्यांना उजेडात आणायचे, त्यांची पाने प्रेक्षकाला उलटता येऊ नयेत, ही विसंगती बोचते. कदाचित ती बोचावी, हाच हेतू असेल.

डिसेंबर २०१८ मध्ये त्यांचा ‘इनॉक’ हा लघुउपग्रह अवकाशात गेला. त्यातील सुवर्णकलशावर रॉबर्ट लॉरेन्स यांची मुखाकृती होती. अमेरिकेच्या अंतराळ कार्यक्रमासाठी निवडले गेलेले हे पहिले कृष्णवर्णीय अंतराळवीर १९६७ साली, निवड झाली त्याच वर्षी, विमान अपघातात मरण पावले. अवकाश त्यांना दिसलेच नाही.

हेवर्डच्या गच्चीवर पाणी भरून त्यात एका जहाजाची प्रतिकृती तरंगत ठेवली होती. जमैकाच्या मार्कस गार्वी यांनी १९१९ साली कृष्णवर्णीयांच्या मालकीची ‘ब्लॅक स्टार लाइन’ ही जहाज कंपनी स्थापन केली होती. तिचे ‘यार्मथ’ हे पहिले जहाज असे एका शतकानंतर थेम्सकाठच्या छपरावर नांगर टाकून उभे राहिले.