शेल स्क्रिप्ट: नमुन्याला एकही फाइल जुळली नाही तर काय होतं?

फोनवर टर्मक्समध्ये मी बॅकअपची एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. *.जेपीजी या नमुन्यात बसणारी प्रत्येक फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी करायची आणि शेवटी ‘बॅकअप झाला’ असं दाखवायचं. स्क्रीन नीटनेटकी दिसावी म्हणून एररचे मेसेज मीच लपवले होते. ताईच्या साखरपुड्याचे फोटो कॅमेऱ्याच्या कार्डावरून फोनमध्ये घेतले, स्क्रिप्ट चालवली आणि मेसेज बघून कार्ड अन् मूळ फोल्डर दोन्ही रिकामे केले. बॅकअपमध्ये एकही फोटो नव्हता!

असं का झालं?

कॅमेऱ्याने फाइलच्या नावात जेपीजी हे कॅपिटल अक्षरांत लिहिलं होतं, माझा नमुना स्मॉल अक्षरांत होता. बॅश शेलला ही दोन वेगळी नावं वाटतात. आणि काहीच जुळलं नाही की बॅश गप्प बसत नाही, तो नमुनाच जसाच्या तसा पुढे पाठवतो. म्हणजे लूप एकदा फिरला आणि ‘*.जेपीजी’ याच नावाची फाइल शोधत बसला. ती कुठून असणार?

उपाय कोणते?

(आज्ञा इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना इंग्रजी स्मॉल अक्षरं वापरा.)

1. लूपमध्ये पहिलीच ओळ तपासणीची ठेवा: [ -ई "$फाइल" ] || कंटिन्यू. फाइल नसेल तर लूप तिला सोडून देतो. ही ओळ साध्या शेलमध्येही चालते.

2. शॉप्ट -एस नलग्लॉब: काही जुळलं नाही तर नमुना गायब होतो, लूप एकदाही फिरत नाही. पण जपून! हे चालू असताना ‘एलएस *.जेपीजी’ दिलं आणि काही जुळलं नाही, तर अख्ख्या फोल्डरची यादी येते. म्हणून लूप संपला की शॉप्ट -यू नलग्लॉब देऊन बंद करा.

3. शॉप्ट -एस फेलग्लॉब: काही जुळलं नाही तर एरर येते आणि ती आज्ञा चालतच नाही. झेडशेल मुळातच असं वागतो.

4. शॉप्ट -एस नोकेसग्लॉब: कॅपिटल-स्मॉलचा भेद मिटतो. माझे फोटो एवढ्यानेच वाचले असते.

आता माझी स्क्रिप्ट शेवटी किती फाइल्स कॉपी झाल्या तो आकडा दाखवते. आकडा शून्य असेल तर ‘बॅकअप झाला’ म्हणत नाही. तुम्हीही डिलीट करण्याआधी मोजून घ्या. ताईने मला अजून माफ केलेलं नाही.