एकाधिकाराची सीमा : पांढुर्णा, सौंसर आणि कापूस

'एकाधिकार' या संज्ञेने येथे क्रेत्याचा एकाधिकार अभिप्रेत आहे : उत्पादकास एकच ग्राहक उपलब्ध असणे. त्याचे दोन प्रकार संभवतात. (१) परिस्थितिजन्य : ग्राहक अनेक असतात, परंतु अंतर, उचल किंवा वजनकाटा यांमुळे शेतकरी एकाच अडत्याशी बांधला जातो. (२) कायदाजन्य : राज्यच अन्य ग्राहकांना वगळते. पहिल्याच्या निवारणार्थ दुसरा निर्माण करणे, हे महाराष्ट्राच्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेचे स्वरूप होते.

१९७१ च्या अधिनियमान्वये ही योजना १९७२-७३ च्या हंगामापासून अमलात आली. शेतकऱ्याने कापूस संकलन केंद्रावरच द्यावा, हमीभावाने चुकारा घ्यावा आणि रुई-सरकीच्या विक्रीतून उरलेल्या नफ्याचा वाटेकरी व्हावे, अशी रचना होती. या हेतूविषयी आक्षेप संभवत नाही. प्रश्न क्षेत्राचा आहे.

पांढुर्णा व सौंसर हे तालुके १९५६ पर्यंत नागपूरसह एकाच राज्यात होते. राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात आणि पुढे महाराष्ट्रात गेले. हे तालुके छिंदवाडा जिल्ह्यासह मध्य प्रदेशात राहिले. जमीन, पीक आणि बोली दोन्हीकडे समानच राहिली. योजना आल्यावर मात्र सीमेच्या उत्तरेस मंडीत लिलाव, दक्षिणेस सावनेर, नरखेड, वरूडकडे एकच खरेदीदार.

यातून दोन प्रवाह निष्पन्न होत. बाजारभाव हमीभावाहून चढा असता कापूस चोरून बाहेर जाई. बाजारभाव उतरला असता बाहेरचा कापूस महाराष्ट्राचा म्हणून केंद्रावर येई. योजनेतील भाव चढउतार निधी मात्र तेजीत भरावा आणि मंदीत वापरावा, या गृहीतकावर उभा होता. तेजीत माल नाही, मंदीत अतिरिक्त माल : म्हणजे तूट केवळ कारभारातील दोषांतून उद्भवत नव्हती, ती रचनेतच अंतर्भूत होती. यास काळ हा तिसरा घटक जोडावा लागतो. भाव म्हणजे रक्कम आणि ती हाती पडण्याचा दिवस. चुकारा लांबला की सीमेपलीकडील कमी, पण रोख भावही गरजू शेतकऱ्यास अधिक ठरतो. बी-बियाण्याची उधारी थांबत नाही.

२००२ मध्ये खासगी व्यापाऱ्यांना खरेदीची मुभा मिळाली आणि कायदाजन्य एकाधिकार संपला. त्याने परिस्थितिजन्य एकाधिकार आपोआप संपत नाही. तो ओळखण्याची कसोटी अन्यत्र सापडते : त्याच वर्षीच्या स्पर्धा अधिनियमात वर्चस्वाचे मापन 'संबंधित बाजारपेठे'च्या संदर्भात करावयाचे असते. कापसाच्या बाबतीत ही बाजारपेठ म्हणजे भरलेली गाडी भाडे परवडेल इतके अंतर. त्या अंतरात किती ग्राहक बोली लावतात, काटा कोण तपासतो आणि चुकारा किती दिवसांत होतो, हे तीन प्रश्न नियामकाने मालकी सरकारी की खासगी, या प्रश्नाच्या आधी विचारावेत.

पांढुर्णा २०२३ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात समाविष्ट झाले. राज्यसीमा जागच्या जागी आहे. ती ओलांडणारा कापूस आता चोरीचा माल ठरत नाही.